नकाशातलं निंबाचं झाड

आमच्या काउंटरवरच्या रॅकमध्ये वाशीम जिल्हा नाही. कसा असेल? आमचे नकाशे जहाजावरच्या प्रवाशांसाठी असतात आणि त्यांत फक्त काठ असतो. धक्का, धक्क्यापासून पायी जाता येईल तेवढं गाव, बाजार, किल्ला, स्वच्छतागृह, आणि त्याच्या पलीकडे सगळा सायीच्या रंगाचा कोरा कागद. मी जन्मलो तो त्या कोऱ्या कागदात. कोणी हौसेनं विचारलं, तू कुठला, तर मी बोट काठावरून उचलतो आणि नकाशाच्या बाहेर काउंटरच्या लाकडावर ठेवतो. "इथला," म्हणतो. "कागद संपला की आमचं गाव लागतं."

प्रवासी हसतात. मीही हसतो. पण मनात लगेच येतं, हसले ते ठीक, पण यांना धक्क्यावरची बस कुठून सुटते ते नीट समजलं ना? मग मी परत सांगतो. मी असाच आहे. काळजी नसेल तर ती कुठे गेली याची काळजी करतो.

नववीत माझी शाळा सुटली. मी गणिताला सोडलं की गणितानं मला, ते अजून ठरायचं आहे. कारंज्यात एका किराणा दुकानात पुड्या बांधायला राहिलो, मग पुण्यात हॉटेलात, आणि तिथल्या एका आचाऱ्याच्या ओळखीनं जहाजावर भांडी घासायला आलो. एकदा जेवणाच्या सुट्टीत रद्दीतल्या एका नकाशाची पुडी करून मी तीत फुटाणे ठेवले होते. सहलींच्या काउंटरची मुख्य बाई तिथून जात होती. गोव्याची बाई, तिला सगळे मॅडम म्हणतात. ती थांबली. पुडी उचलून तिनं उलटसुलट करून पाहिली.

"ही घडी कुणी घातली?"

मी उभाच राहिलो. रद्दी घेतल्याबद्दल बोलणी बसणार, असं वाटलं.

"आमच्याकडे मशीन आहे, तिला अशी घडी येत नाही," मॅडम म्हणाली. "उद्यापासून वर ये."

मी आजही फुटाणे खाताना मनातल्या मनात त्या फुटाण्यांचेच आभार मानतो.

वर आल्यावर मॅडमनं मला एकच नियम शिकवला. नकाशात जे आहे ते जागेवर असलंच पाहिजे. जहाज बंदराला लागलं की प्रवासी उतरायच्या आधी ती मला गावात पिटाळते. बाकडं अजून आहे का, पाण्याचा नळ चालू आहे का, चर्चचं दार उघडं आहे का, बघून ये. कारण परक्या मुलखातल्या माणसाच्या हातात तो कागद म्हणजे शब्द असतो. तिथं नळ म्हटलं आणि नळ नसला, की तो माणूस बाकीच्या कागदावरचाही विश्वास सोडतो, आणि मग सगळ्यात खाली लाल अक्षरात असलेल्या परतीच्या वेळेवरचाही. मग जहाज शिटी वाजवतं आणि तो तिकडे भलत्याच गल्लीत.

हा नियम मला पाठ होता. तरीही माझं लग्न ज्या नकाशावर अडकलं तो मी न तपासता काढला.

झालं असं. माझ्यासाठी स्थळ बघणं चालू होतं. नववी सुटलेला मुलगा, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, त्यामुळे फार कोणी हो म्हणत नव्हतं. एक स्थळ आलं होतं, त्यांचे पाहुणे घर पाहायला निघाले सुद्धा. पण आमचं गाव इंझोरीच्या अंगाला, फाट्यावरून आत. ते फाटा चुकले, सरळ पुढे गेले, आणि पोहरादेवीच्या यात्रेच्या गर्दीत त्यांची गाडी अशी अडकली की संध्याकाळी दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन, परस्पर घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "शकुन-बिकुन आमी मानत नाई, पन..." त्या 'पन'च्या पुढे काही आलं नाही.

मग धनजचं स्थळ आलं. मुलगी बी.ए. झालेली, कारंज्याला औषधांच्या दुकानात कामाला. वडील एसटीचे ड्रायव्हर. फोटोत मुलगी हसत नव्हती, पण आता हसणार आहे अशी दिसत होती. मी तो फोटो इतक्या वेळा उघडला की मोबाईलच त्याला आपोआप वर दाखवायला लागला.

आईचा फोन आला. "रविवारी पाहुने येऊन राह्यले. मुलीचा बाप अन् मामा. तू नाईस तं काय दाखवू मी त्याईले?"

"घर दाखव."

"घर तं दिसतेच व बाप्पा. फाट्यावरच चुकले तं?"

झालं. त्या वाक्यानं माझं जेवण गेलं. मी रद्दीचा कागद घेतला आणि डोळे मिटून गाव काढायला लागलो. फाट्यावरचं निंबाचं झाड, तिथून उजवीकडे. मग चाचांचं सायकलचं दुकान, जिथं मी लहानपणी हवा भरायच्या निमित्तानं तासन् तास बसायचो. मग निळी हापशी. मग विहार. मग हिरव्या दाराचं आमचं घर. मॅडम मागून कधी आली कळलं नाही.

"हे कुठलं बंदर?"

मी सांगितलं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं कॉम्प्युटर उघडला आणि आमच्या नेहमीच्या साच्यातच तो नकाशा बसवला. वर 'आजचं बंदर' आणि खाली आमच्या गावाचं नाव. जिथं जहाजाचं चित्र असतं तिथं पाहुण्यांची जीप. लाल ठिपक्यांची वाट. एक नंबर, निंबाचं झाड, इथून उजवीकडे वळा. दोन नंबर, सायकलचं दुकान, वाट विचारण्यासाठी उत्तम. तीन नंबर, निळी हापशी, थंड पाणी. चार नंबर, विहार, सावलीत बसायला जागा. पाच नंबर, हिरवं दार, यजमानांचं घर. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरात तिनं स्वतःच टाकलं: 'परतीची वेळ: जेवल्याशिवाय नाही.'

"तपासलंय ना सगळं?" तिनं विचारलं.

"माझं गाव आहे, मॅडम," मी म्हणालो.

मी तो दादाला पाठवला, आणि घाईघाईत हेही लिहिलं की लगेच पुढे पाठव. दादा माझा मोठा भाऊ, सांगितलं ते आधी करतो आणि मग वाचतो. त्यानं नकाशा मुलीच्या वडिलांना पाठवला, आणि मग चहा पीत पीत स्वतः पाहिला.

शुक्रवारी त्याचा फोन आला. आम्ही बंदरातच होतो, जहाज सुटायला थोडा वेळ होता.

"काबे, कोन्या गावाचा नकाशा काढला तू?"

"काहून? काय झालं?"

"निंब कुठी हाय आता? रस्ता रुंद झाला, तवाच तोडला. चाचाच्या दुकानात आटाचक्की आली, चाचा पोराच्या मोबाईलच्या दुकानात बसते. हापशीले दांडाच नाई. अन् दार! अबे दार चॉकलेटी हाय आपलं. नवीन घर बांधलं तवा तूच फोनवर रंग पसंत केला न!"

मीच केला होता. चॉकलेटी रंगाच्या चार छटा दादानं पाठवल्या होत्या, त्यातली एक मी निवडली होती. आणि तरी डोळे मिटल्यावर दार हिरवंच दिसलं.

"चार नंबर तेवढा बरोबर हाय," दादा म्हणाला.

"त्यांना फोन करून सांग, चुकलं म्हणावं."

"आता कसं सांगू? त्यानं कलर प्रिंट काढली. डेपोत दाखवून राह्यला सगळ्याईले. पोरगं येवस्थित हाय म्हंते. आता सांगू का, का त्याले सोताच्या घराचं दार आठोत नाई?"

एवढ्यात जहाजाची शिटी झाली आणि फोन कापला गेला. पुढे दोन दिवस समुद्र, आणि नेमकं त्या आठवड्यात कर्मचाऱ्यांचं नेट बंद पडलेलं. शनिवारी मी काउंटरवर उभा होतो. एका आजोबांना पुढच्या बंदराचा किल्ला दाखवता दाखवता मी दोनदा म्हणालो, "असेल तर." आजोबांनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"आहे, आहे," मी म्हणालो. "किल्ला आहे. दगडी आहे, तो कुठं जातो?"

रविवारी मॅडमनं मला काउंटरवरून उठवलं आणि मागच्या खोलीत नकाशे घड्या घालायला बसवलं. "तू माणसांना घाबरवतोयस," ती म्हणाली. मी घड्या घालत राहिलो. डोळ्यांसमोर एकच चित्र: मुलीचे वडील फाट्यावर उभे, हातात कलर प्रिंट, आणि समोर मोकळा रस्ता. एसटीचा ड्रायव्हर. त्याला रस्ता सांगायला निघालो होतो मी! एक नंबरलाच खोटा पडलो, तर पाच नंबरपर्यंत ते येतीलच कशाला? आणि आले तरी म्हणतील, ज्याचा कागद खोटा त्याच्या हाती पोरगी कशी द्यायची? मॅडमच्या नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच असतं.

सोमवारी बंदर लागलं. धक्क्यावरच्या खांबाला टेकून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी आईचा कान आला, मग आई, मग तिला बाजूला सारून दादा. दोघं एकदम बोलायला लागले, आणि जे झालं ते मला तसं, तुकड्यातुकड्यांनी कळलं.

शुक्रवारी फोन कापल्यावर दादा डोकं धरून बसला होता. आईनं मात्र पदर खोचला.

"नकाशा तं गेला धनजले," ती म्हणाली. "तो काई आता बदलत नाई. गाव तं आपल्याच हातात हाय न?"

शनिवारी सकाळी ती आधी चाचांकडे गेली. चाचा आमच्या वडिलांचे दोस्त, वडील गेल्यावरही ईदेला शिरखुर्मा चुकवत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाभी, बच्चेने मेरी दुकान नकाशेपे डाली?"

"दोन नंबरले."

"एक नंबरपे कौन है?"

"निंब."

"फिर ठीक है," चाचा म्हणाले. झाडाच्या खाली नंबर लागला, त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

त्यांनी माळ्यावरून जुना बोर्ड काढला, पुसला. चक्कीवाल्यानं रविवारचं दळण बंद ठेवलं आणि शटरसमोरची जागा दिली. दोन सायकली उलट्या करून उभ्या केल्या, पाण्याचं टोपलं, हवेचा पंप, सगळं जिथल्या तिथं. मग चाचांनीच पाईपाचा तुकडा वेल्डिंग करून हापशीला दांडा बसवला. दादानं निळा रंग मारला. पाणी काही यायचं नव्हतं. पण नकाशात 'थंड पाणी' असं लिहिलेलं, म्हणून आईनं हापशीच्या शेजारी तिपाईवर माठ ठेवला, वर पेला. दाराला हिरवा रंग वहिनीनं दिला. राहिलं झाड. झाड कुठून आणायचं? शेवटी दादानं शेतातल्या निंबाची एक चांगली डोक्याच्या वर जाईल अशी फांदी तोडली, फाट्यावर तेलाच्या रिकाम्या ड्रममध्ये माती-गोटे भरून ती उभी केली आणि वरून पाणी घातलं.

"लांबून पाह्यलं का वाटे," दादा मला सांगत होता.

"काय वाटे?" आई म्हणाली. "ड्रममंदी फांदी ठेवली, असं वाटे."

रविवारी जीप आली. दादा फाट्यावर, त्या फांदीच्या जवळ उभा, सहज उभा असल्यासारखा. मुलीचे वडील उतरले. हातात प्रिंट. त्यांनी ड्रमला पूर्ण एक चक्कर मारली.

"हे झाड कवाचं?"

दादानं फांदीचं एक पान सरळ केलं. "जुनंच हाय... म्हंजे... याच जागेवरचं हाय."

"जुनं झाड तं माह्या डोळ्यासमोर तोडलं, पोरा. त्या दिवशी माही गाडी याच फाट्यावर उभी होती, सवाऱ्या कटकट करून राह्यल्या होत्या." आणि ते उजवीकडे वळून चालायला लागले. हसले नाहीत, रागावले नाहीत. दादा म्हणाला, त्यापेक्षा रागावले असते तर बरं.

दोन नंबरला चाचा पाना हातात घेऊन एका चाकाशी भिडलेले. पाहुण्यांनी जय भीम केला, चाचांनी सलाम केला. मुलीच्या वडिलांनी चक्कीचं शटर पाहिलं, त्यावरचे पिठाचे हात पाहिले.

"चाचा, दुकान बंद कवा झालं?"

"साहब," चाचा मान न उचलता म्हणाले, "आज तो चालू है. हवा भरूं?"

तीन नंबरला त्यांनी हापशीचा दांडा दोनदा मारून पाहिला. खडखड आवाज आला. मग माठातलं पाणी पेल्यानं प्यायले आणि म्हणाले, "थंड हाय." चार नंबरला विहारात दोघं हात जोडून थोडा वेळ बसले. दादाला वाटलं, हीच काय ती एक जागा जिथं आपण खोटे पडलो नाही. मग पाच नंबर. आई दारात उभी होती. मामा आत शिरताना चौकटीला टेकले, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत हिरवी झाली.

"रंग ओला हाय," मामा म्हणाले.

आईनं तयारी केली होती, काही विचारलं तर अमुक सांगायचं, तमुक सांगायचं. पण ती हिरवी बाही पाहिली आणि तिचं सगळं पाठांतर गेलं.

"भाऊ, खरं सांगू का," ती म्हणाली. "झाड नाई, दुकान नाई, हापशीले पानी नाई, अन् दार परवापर्यंत चॉकलेटी होतं. पोरगं लय दिवसापासून घरी आलं नाई. त्याच्या डोक्यात जसं गाव हाय तसं त्यानं काढलं. त्यानं खोटं नाई लिवलं. आमीच त्याचं खरं करत बसलो."

मुलीच्या वडिलांनी खिशातून नकाशा काढला, नीट घडी केली.

"झाड तोडलं हे मले माहीतच होतं. घरी पोरीले सांगतलं तं ते म्हने, बाबा, आत्ताच सांगू नका त्याईले. जाऊन तं पाहा, काय करतात." ते मामाच्या बाहीकडे पाहून पहिल्यांदा हसले. "एका पोराच्या कागदासाठी तुमी अख्खं गाव रंगवलं. माह्या पोरीसाठी काय करसान, ते दिसलं मले."

मग जेवणं झाली. परतीची वेळ नकाशात लिहिल्याप्रमाणेच झाली, जेवल्यावर. मामा दादाचा शर्ट घालून गेले, तो अजून परत आला नाही.

मी धक्क्यावर खांबाला टेकून हे सगळं ऐकत होतो आणि माझं नाक गळत होतं. मॅडम लांबून पाहत होती. मी हात वर करून तिला ठीक आहे असं दाखवलं, पण ती तरी आलीच.

"झालं?"

"त्यांच्याकडून हो आहे. तिचं अजून कळायचं आहे."

"तिचंच तर कळायला हवं," मॅडम म्हणाली आणि निघून गेली.

तिचा फोन दोन दिवसांनी आला, पुढच्या बंदरात. फोटोतली मुलगी बोलायला लागली तर थेट बोलायला लागली.

"जहाजावर दारू राह्यते म्हंतात."

"राहते," मी म्हणालो. "मी नकाशे वाटतो."

"पेत नाई?"

"नाही. भीती वाटते."

"कायची?"

"सगळ्याचीच," मी म्हणालो, आणि आता फोन ठेवणार ही, असं वाटलं. ती हसली. फोटोत जे हसू यायचं राहिलं होतं ते आलं.

"मले एक सांगा. हापशी पाह्यण्यासारखी गोष्ट म्हून काहून टाकली? तिथून पानी भरा लागते काय मले?"

"नाही, नाही! घरात नळ आहे!"

"मंग नकाशात नळ काहून नाई?"

नळ मी घर सोडल्यानंतर आला होता.

"असं करू," ती म्हणाली. "तुमी सुट्टीत या. आपण दोघं पायी फिरू अन् नवा काढू. जे हाय तेच टाकू. मंग मी काय ते सांगतो."

सुट्टीत मी गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा ड्रम तिथंच होता, फांदी वाळली होती. तिच्याबरोबर तिचे वडील आले होते, एसटी डेपोच्या आवारातलं निंबाचं एक रोप पिशवीत घालून. त्यांनी ते रस्त्यापासून आत, आमच्या शेताच्या धुऱ्यावर लावलं आणि ड्रम सावलीला उभा केला. आम्ही दोघं कागद घेऊन पुढे चालत गेलो. ती प्रत्येक ठिकाणी थांबायची. "हे हाय का? हात लावून पाहा." चक्की. मोबाईलचं दुकान, त्यात बसलेले चाचा, जे आम्हाला पाहून उगाच मोठ्यानं कोणाला तरी रिचार्ज समजावून सांगायला लागले. हापशी तिनं खोडली. पण माझा चेहरा पाहून तिनं ती परत काढली, लहान, आणि बाजूला लिहिलं: 'जुनी. पाणी नाही. निळी आहे.' घराच्या दाराशी आलो तर ते हिरवंच होतं. आईनं परत चॉकलेटी केलंच नव्हतं.

"पाच नंबर बरोबर हाय," ती म्हणाली. तिनं 'हो' म्हटलं ते असं.

आमचं लग्न विहारात झालं, आणि पंधरा-वीस दिवसांनी मी परत पाण्यावर आलो. आता ती त्या घरात राहते, कारंज्याला जाऊन-येऊन नोकरी करते, आणि गावात काही बदललं की मला कळवते. फाट्यावर दिवा लागला. चक्कीशेजारी चपला शिवणारा बसायला लागला. रोपाला नवी पानं आली. मी मॅडमच्या कॉम्प्युटरवर ते ते दुरुस्त करतो. मॅडम म्हणते, या जहाजावरचा सगळ्यात अचूक नकाशा अशा बंदराचा आहे जिथं पाणीच नाही.

मागच्या आठवड्यात बायकोनं पूर्ण नकाशा हातानं काढून, फोटो काढून पाठवला. सगळं जागेवर. वर 'आजचं बंदर', आमच्या गावाचं नाव. जीपच्या जागी जहाज काढलेलं, चिमणीतून धूर. आणि खाली लाल पेननं 'परतीची वेळ', आणि पुढे रिकामं. सोबत एवढंच लिहिलेलं: 'हे तुमी भरा.'

मी तो फोटो काउंटरच्या प्रिंटरवर छापला. माझा करार संपायचा महिना मला माहीत आहे, पण महिना पुढे ढकलला तर? तिकीट नाही मिळालं तर? वादळ आलं तर? मी पेन्सिल घेतली आणि हलक्या हातानं महिना लिहिला. मॅडम शेजारी नकाशे मोजत होती. तिनं मान वाकवून पाहिलं.

"परतीची वेळ पेन्सिलनं लिहीत नाहीत," ती म्हणाली आणि तिच्या खिशातला लाल पेन माझ्यापुढे ठेवला.

मी त्यावरून पेन फिरवला. मग फोटो काढला आणि पाठवून दिला.